काळी सोडली, निळी मिळाली

"ही माझी नव्हे," बाई म्हणाल्या आणि कुत्रं घ्यायला त्यांनी हातच पुढे केले नाहीत.

सूटी माझ्या कडेवर होती. सात महिन्यांची, दोन किलोच्या आसपासची यॉर्कशायर टेरियर. शेपटी एवढ्या जोरात हलवत होती की माझा प्लॅस्टिकचा ॲप्रन फटफट वाजत होता. सकाळी साडेनऊला बाईंनी माझ्या टेबलावर ठेवलं ते कुत्रं काळंभोर होतं. साडेबाराला मी परत देत होते ते अंगानं निळसर करडं आणि डोक्यानं सोनेरी. मधल्या तीन तासांत मी अंघोळ घातली होती आणि केस कापले होते, एवढंच.

"अहो, ती तुम्हांला ओळखतेय," मी म्हणाले.

"लव्ह, यॉर्की सगळ्यांनाच ओळखतो," त्या म्हणाल्या. यावर मला काही बोलता आलं नाही, कारण ते खरं होतं.

मी मूळची इचलकरंजीची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी पश्चिम यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डला आले. पहिली दोन वर्षं पाऊस बघण्यात घालवली आणि मग कुत्र्यांच्या ग्रूमिंगचा कोर्स केला. आमच्या घरी चार यंत्रमाग. शेडमधल्या खडखडाटात मी अभ्यास केलेला. वडिलांना, म्हणजे अप्पांना, जेव्हा सांगितलं की मी कुत्र्यांचे केस कापायचं काम धरलंय, तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "न्हाव्याचा धंदा वाईट न्हाई पोरी. पण कुत्रं उधारी फेडतं का?" मालक फेडतो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

यॉर्की हे हडर्सफील्डचं घरचं कुत्रं. त्यामुळे आठवड्याला चार-पाच तरी माझ्या टेबलावर येतातच. तरीही सूटीच्या बाबतीत मी चुकले, आणि ती चूक नवशिकेपणाची नव्हती. फाजील आत्मविश्वासाची होती.

झालं असं, की बाईंनी सूटीला पहिल्यांदा आणलं तेव्हा ती सोळा आठवड्यांची होती. अंगाला ब्लोअरची सवय व्हावी म्हणून पिल्लांना एकदा असं आणतात. तेव्हा ती अगदी पिल्लू-यॉर्की होती. पाठ काळी कुळकुळीत, भुवयांच्या जागी दोन पिंगट ठिपके, तोंडाच्या कडेला आणि पायांवर तोच पिंगट रंग. कोणालाही ते डॉबरमनचं खेळण्यातलं पिल्लू वाटावं. या काळेपणावरूनच बाईंनी तिला सूटी नाव दिलेलं. सूट म्हणजे काजळी. सूटी या नावाचा इथे एक लाडका बाहुलाही आहे. ब्रॅडफर्डच्या हॅरी कॉर्बेट यांनी 1948 साली ब्लॅकपूलला एक पिवळं अस्वल विकत घेतलं, टीव्हीवर उठून दिसावं म्हणून त्याचे कान काजळीनं काळे केले, आणि ते टीव्हीवर गाजलं. म्हणजे मूळचा सूटीही पिवळाच. आमच्या आईला फोनवर हे नाव 'सुट्टी' असं ऐकू येतं, आणि ती अजूनही त्याच नावानं चौकशी करते.

त्यानंतर हिवाळा लागला. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सूटी थेट सातव्या महिन्यात माझ्याकडे आली ती जटा घेऊनच. काखेत, पोटाखाली, कानामागे केसांचा नमदा झालेला. यॉर्कीला आतली लोकर नसते. असतो तो एकपदरी, रेशमासारखा, माणसाच्या केसांसारखा वाढतच राहणारा केस. वरून ब्रश फिरवला की सुंदर दिसतो आणि आत गुंता तसाच राहतो. कंगवा आत गेला नाही की समजायचं. अशी जट सोडवत बसणं म्हणजे कुत्र्याचे हाल. मी बाईंना कंगवा अडकलेला दाखवला, कापावं लागेल म्हणाले, त्यांनी कागदावर सही केली आणि त्या कॉफी प्यायला गेल्या.

तीन मिलिमीटर केस राखणारं पातं लावलं आणि मानेपासून शेपटीकडे पहिला पट्टा काढला. काळे झुपके टेबलावर पडत गेले आणि मागे जो पट्टा उघडा पडला तो काळा नव्हता. धार लावलेल्या विळ्याचं पातं असतं ना, पाण्यात बुडवून उन्हात धरलेलं, तसा तो रंग होता. शेपटीकडे थोडा गडद, खांद्यांवर थोडा फिका. मला नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं. निदान एवढं तरी सुचायला हवं होतं की बाईंनी हे कधी पाहिलेलं नाही. त्यांना ठाऊक असलेली सूटी आता टेबलाखाली केरात पडली आहे.

शेवटी शेजारच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी, बाई आणि कडेवर वादग्रस्त कुत्रं. इंग्लंडमध्ये 2016 पासून प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची आहे, तीही आठ आठवड्यांच्या आत. खांद्यांमध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिथल्या नर्सनं स्कॅनर फिरवला, पंधरा आकडी नंबर आला. बाईंनी फोनवर घरी नवऱ्याकडून कागदावरचा नंबर वाचून घेतला. जुळला. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच बाई म्हणाल्या, "पण कागदावर रंग काळा आणि टॅन लिहिलाय."

लिहिलाच होता. चिपच्या नोंदीत कुत्र्याचा रंग द्यावा लागतो आणि ती नोंद होते पिल्लू आठ आठवड्यांचं असताना. त्या वयात जवळजवळ सगळे यॉर्की काळे-पिंगट असतात. म्हणजे या देशातल्या बहुतेक यॉर्कींच्या कागदावर जो रंग आहे, तो त्यांच्या अंगावर नाही.

त्या संध्याकाळी अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रंग कच्चा निघाला म्हण की."

नाही, हेच तर समजावून सांगायचं होतं. कच्चा रंग उतरतो तेव्हा अख्खं कापड फिकं होतं, वरून होतं. यॉर्कीचा केस वरून फिका होत नाही. खाली मुळातून जो नवा केस येतो तोच वेगळ्या रंगाचा येतो. बराच वेळ इकडून तिकडून सांगून झाल्यावर मला मागाची भाषा आठवली. "अप्पा, काळ्या सुताची कांडी संपली आणि धोट्यात करड्या सुताची कांडी घातली, तर आधी विणलेलं कापड करडं होतं का?"

"कसं हुईल? ते काळंच ऱ्हाणार. तिथनं फुडं करडं."

"तसंच आहे हे. टोक म्हणजे आधी विणलेलं. मूळ म्हणजे आत्ता विणतंय ते."

"मग तू कापड फाडून निसतं नवीन विणलेलं बाईला दाखवलंस व्हय?" अप्पा हसायला लागले. माझ्या कोर्सच्या पुस्तकात याहून सोपं काही लिहिलेलं नाही.

खरं तर पिल्लाच्या अंगावर एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे पिंगट रंग पसरतो. भुवयांवरचे ठिपके आणि तोंडाच्या कडा वाढत वाढत सगळं डोकं व्यापतात, पायांवर वर चढतात. हे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागतं. मधे एक काळ असा येतो की डोकं ना काळं ना सोनेरी, जळक्या पोळीसारखं. त्या महिन्यांतच मालक फोटो काढणं बंद करतात. दुसरी गोष्ट पाठीची. तिथला काळा रंग पिकतो. माणसाचे केस पन्नाशीत पिकतात, यॉर्कीचे पहिल्याच वर्षात. केसाच्या मुळाशी काळा रंग भरणाऱ्या पेशी हात आखडता घेतात, आणि हे आईबापांकडून आलेल्या जनुकामुळे ठरलेलं असतं. निळा म्हणून वेगळा रंग कुठे तयार होत नाही. काळा विरळ होत जातो आणि आपल्या डोळ्याला त्यात पोलाद दिसतं. तांबूस रंगाला मात्र हे जनुक फारसं शिवत नाही, म्हणून डोकं सोनेरीच राहतं. केरी ब्लू टेरियर, बेडलिंग्टन, कितीतरी पूडल याच वाटेनं जातात. केरी ब्लूला तर प्रदर्शनात दीड वर्षापर्यंत काळं असायची मुभाच आहे.

गंमत म्हणजे यॉर्कीच्या पाठीवर वयात येताना टोक गडद आणि मूळ फिकं असतं, तर डोक्यावर बरोबर उलट. ब्रिटिश केनेल क्लबच्या वर्णनात स्पष्ट लिहिलं आहे की टॅन केस मुळाशी सर्वांत गडद, मध्ये त्याहून फिका आणि टोकाला आणखी फिका असावा. चांगल्या कुत्र्याच्या डोक्यावरची एक बट उजेडाकडे धरून बघा. मुळाशी काकवी, मधे गूळ, टोकाला साजूक तुपात नुकता परतलेला रवा. कोल्हापूरच्या माणसाला याहून वेगळं कसं सांगणार? आणि पाठीसाठी तेच वर्णन म्हणतं, गडद पोलादी निळा हवा, चंदेरी निळा नको. हा निळा डोक्यामागच्या हाडापासून शेपटीच्या मुळापर्यंत सलग हवा, त्यात पिंगट किंवा काळे केस मिसळलेले नकोत. शेपटी मात्र अंगापेक्षा गडद. ही रंगसंगती स्थिर व्हायला दोन वर्षं लागतात, कधी तीन. तोवर 'हिचा रंग काय होणार' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

हे रंगाचं वेड आलं कुठून, हा प्रश्न मला इथे आल्यापासून पडायचा. उत्तर माझ्याच घरच्या धंद्यात निघालं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्कॉटलंडमधले विणकर कामाच्या शोधात यॉर्कशायरच्या गिरण्यांकडे आले. येताना ते आपली लांब केसांची छोटी टेरियर कुत्री घेऊन आले. गिरणीत उंदीर फार, आणि कुत्री कामाची. त्यांतली एक जात होती पेस्ली टेरियर. पेस्ली हे ग्लासगोजवळचं शालींचं गाव. तिथे काश्मिरी शालींच्या नकला विणल्या जायच्या, आणि म्हणून आपल्या कोयरीला जग आज पेस्ली म्हणतं. माझ्या लग्नातल्या शालूच्या पदरावरची कोयरी आणि माझ्या टेबलावरचं कुत्रं, दोघांच्याही वाटेत एकच गाव आहे, हे कळलं त्या दिवशी मी शालू बाहेर काढून पुन्हा बघितला होता. पेस्ली टेरियर आता उरलेलं नाही.

मग आला हडर्सफील्ड बेन. जन्म 1865, मरण 1871, गाडीखाली सापडून. उणीपुरी सहा वर्षं जगला. तो जन्मला हडर्सफील्डला, पण त्याला नावारूपाला आणलं ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर यांनी. बेन स्वतः आजच्या यॉर्कीपेक्षा बराच मोठा होता, पण त्याची पिल्लं लहान अंगाची आणि देखणी निघत. आज या जातीचा मूळपुरुष म्हणून त्याचंच नाव घेतात. त्याच्या हयातीतच, 1870 च्या सुमारास, 'यॉर्कशायर टेरियर' हे नाव रूढ व्हायला लागलं. आज वजनाची मर्यादा आहे 3.2 किलो. प्रदर्शनात हे कुत्रं लाल कापड घातलेल्या पेटीवर उभं करतात, आणि एरवी त्याचे केस कागदाच्या पुड्यांत गुंडाळून ठेवतात, तुटू नयेत म्हणून. सूत मोडू नये म्हणून जेवढी काळजी विणकर घेतो तेवढीच. ज्यांचे डोळे दिवसभर धाग्याची छटा पारखायचे त्यांनी कुत्र्यातही छटाच पारखली, असं मला वाटतं. याला पुरावा काही नाही. पण अप्पा दुकानात साडी बघताना आधी पदर उलटा करतात, ते बघितलेल्या मुलीला पुराव्याची गरज वाटत नाही.

अप्पा चिमटीत धागा चोळून सुताचा काउंट सांगतात. माझ्या बोटांनाही आता एक गोष्ट कळते. केस रेशमी, थंड, बोटांतून निसटणारा असेल तर तो पोलादी होण्याकडे जाईल. केस कापसासारखा फुगीर, बोटाला धरून राहणारा असेल तर तो बहुधा गडदच राहील, आणि त्याच्या जटाही जास्त होतील. हा माझा अंदाज असतो, आणि तो चुकतोही. त्यापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे आई बघणं. 2020 पासून इंग्लंडमध्ये मधल्या दलालाकडून पिल्लू विकायला बंदी आहे. पैदास करणाऱ्यानं ते आईबरोबर दाखवायचं असतं. आईचा रंग आणि पोत बघितला की पिल्लाचं निम्मं भविष्य कळतं. तरी लोक आईला ओझरतं बघतात आणि पिल्लाच्या डोळ्यांत विरघळतात.

एकदा एक तरुण जोडपं नऊ आठवड्यांचं पिल्लू घेऊन आलं. जन्मापासून निळं. विकणाऱ्यानं दुर्मीळ म्हणून दीडपट पैसे घेतलेले. त्यांना वाटलं, इतरांना दोन वर्षांनी मिळतं ते आपल्याला पहिल्या दिवशी मिळालं. मी गप्प राहू शकले असते, ब्रश फिरवून पैसे घेऊ शकले असते. पण जन्मतः निळा असणं आणि वयानं निळा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यॉर्की काळाच जन्मायला हवा. जन्मतःच फिका असेल तर त्या पिल्लांत पुढे केस विरळ होण्याचा आणि कातडीचा त्रास बऱ्याचदा दिसतो. मी एवढंच म्हणाले की आधी डॉक्टरांना दाखवा. मुलगी रडायला लागली. ते पुन्हा माझ्याकडे आले नाहीत.

सूटीच्या बाई मात्र आल्या. चिपचा नंबर जुळल्यावर कुत्रं घेऊन त्या गेल्या होत्या, पण चेहरा मिटलेला. सहा आठवड्यांनी दारात उभ्या, हातात बिस्किटांचा डबा. म्हणाल्या, "रात्री माझ्या उशीवर डोकं ठेवून घोरते. म्हणजे तीच आहे." मग थोडं थांबून, "पण मला माझी काळी आवडायची." हे वाक्य मला लागलं. मी केस कापले त्यात चूक नव्हती, ते कापायलाच हवे होते. पण जो बदल त्यांना वर्षभर हळूहळू दिसला असता, रोज थोडा सवयीचा झाला असता, तो मी त्यांना तीन तासांत दिला. निरोप घ्यायला वेळच ठेवला नाही.

तेव्हापासून वर्षाच्या आतला यॉर्की आला की मशीन हातात घेण्याआधी मी मालकाला टेबलाजवळ बोलावते. पाठीवरच्या केसांचा कंगव्याच्या टोकानं भांग पाडते आणि बोटांनी दोन्हीकडे दाबून धरते. खाली करडी मुळं दिसतात, वर काळी टोकं. "हा आत्ताचा रंग," मी म्हणते, "आणि हा जाणारा." बहुतेक जण वाकून बघतात, चष्मा काढून पुन्हा बघतात. काही जण म्हणतात, मग नका कापू एवढ्यात. जट नसेल तर मी कापत नाही. कापावंच लागलं तर एक काळी बट कागदात गुंडाळून देते. आपल्याकडे जावळाची बट ठेवतात, तसं.

सूटी आता चार वर्षांची आहे. दर सहा आठवड्यांनी येते. पाठ गडद पोलादी, शेपटी त्याहून गडद, डोकं गुळासारखं, डोळ्यांवर केस येऊ नयेत म्हणून लाल फितीची शेंडी. बाईंचे गुडघे बरे आहेत, त्या रोज ब्रश करतात, जट नावालाही नाही. मागच्या महिन्यात त्यांनी घर बदललं म्हणून चिपच्या नोंदीत नवा पत्ता घातला. मी विचारलं, रंग बदललात का?

नाही म्हणाल्या. कागदावर सूटी अजून काळी-टॅन आहे.